सात कंपन्यांचा संघ केला तर हळद परदेशात जाईल का?

समुद्रपूर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची कंपनी वायगाव हळदीच्या कांड्या आणि पावडर विकते. नागपूर-पुण्याकडे बरा खप आहे. आता आसपासच्या सात कंपन्यांनी एकत्र येऊन संघ करावा आणि माल परदेशी पाठवावा अशी बोलणी सुरू आहेत. संघात गेल्यावर निर्यात खरंच वाढते का, वाढली तर सभासदाच्या हातात जास्तीचे पैसे पडतात का, की आपण एकट्यानंच नाव काढावं, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, निर्यात आणि सभासदाचा पैसा या दोन गोष्टी तुम्ही वेगळ्या करून विचारल्या, हे चांगलं केलं. बहुतेक बैठकांमध्ये निर्यात झाली म्हणजे फायदा झालाच असं धरून चालतात. विदर्भातल्या प्रक्रिया उद्योगांबरोबर आणि उत्पादक कंपन्यांबरोबर मी बरीच वर्षं काम करतो आहे. माझ्या पाहण्यात संघानं निर्यात सुरू व्हायला नक्की मदत होते. नफा मात्र त्या संघात कोण काय काम करतो, कोण किती जोखीम उचलतो आणि संघाबाहेर तुमची ओळख कोणाकोणाशी आहे, यावर ठरतो. सात कंपन्यांच्या सह्यांचा कागद म्हणजे संघ नव्हे.

आधी याचं मूळ पाहू. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले यान योहान्सन आणि यान-एरिक वाल्ने यांनी १९७७ मध्ये एक विचार मांडला होता. कंपन्या परदेशात एकदम उडी मारत नाहीत. भाषा, चालीरीती, व्यवहाराची पद्धत जिथे ओळखीची वाटते अशा देशात त्या आधी जातात, थोडा माल विकतात, शिकतात आणि मग पुढे सरकतात. २००९ मध्ये त्याच दोघांनी आपल्या मांडणीत मोठी दुरुस्ती केली. कंपनीची खरी अडचण ‘आपण परदेशी आहोत’ ही नसते, तिथल्या व्यवहाराच्या वर्तुळाबाहेर असणं ही असते, असं त्यांनी लिहिलं. त्या बाजारात कोण कोणाकडून घेतो, कोणाच्या शब्दावर माल सुटतो, खराब निघाला तर कोण कोणाला फोन करतो, या नात्यांच्या जाळ्यात तुम्हाला जागा नसेल तर माल कितीही चांगला असो, तो गोदामाच्या दाराशीच थांबतो.

हे आपल्याकडे अगदी लागू पडतं. वर्ध्याहून न्हावाशेवा बंदर दूर आहे, हे कारण मी फार ऐकतो. भाड्याचा फरक पडतो, नाही असं नाही. पण कस्टमचं काम नागपूरच्या कंटेनर डेपोत होतं, समृद्धी महामार्ग आता पूर्ण सुरू आहे, आणि हळद काही संत्र्यासारखी आठ दिवसांत सडत नाही. तुमची हळद अडते ती अंतरामुळे नाही. दुबईतला किंवा रॉटरडॅममधला खरेदीदार ज्यांना विचारून माल घेतो, त्यांच्यापैकी एकही माणूस तुम्हाला ओळखत नाही, इथे ती अडते. वाणिज्य मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०२२-२३ मध्ये भारतातून १.५३ लाख टनांवर हळद आणि हळदीचे पदार्थ बाहेर गेले, आणि ते पाठवणारे निर्यातदार ३८० पेक्षा थोडे जास्त होते. एवढ्या मोठ्या देशात एवढेच. त्यांच्याकडे वर्षानुवर्षांचे खरेदीदार आहेत. त्या वर्तुळात शिरायचं कसं, एवढाच तुमचा प्रश्न आहे.

पण वर्तुळात शिरणं पुरेसं नसतं, हे आपल्याच संत्र्यानं दाखवून दिलं. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात निर्यातीचं जाळं नव्हतं असं कोणी म्हणू नये. उलट ते फार घट्ट होतं. बागेवर सौदा करणारा व्यापारी, तोडणीच्या टोळ्या, क्रेट आणि पेट्या पुरवणारे, ट्रकवाले, बंगालमधल्या पेट्रापोलच्या नाक्यावर कागद करणारे, पलीकडे बेनापोलहून ढाक्यापर्यंतचे आडतदार. फोनवर भाव ठरायचा, शब्दावर गाडी निघायची, पैसे मागाहून यायचे. पिढ्यांची ओळख होती. या नात्यांमुळेच नागपुरी संत्रा बांगलादेशात गेला आणि तो देश आपला सर्वांत मोठा गिऱ्हाईक झाला.

मग बांगलादेशानं आयात शुल्क वाढवायला सुरुवात केली. २०१९ मध्ये किलोमागे वीस रुपयांच्या आसपास असलेलं शुल्क २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेलं. आंबिया बहराचा माल बागेतच अडकला, भाव कोसळले आणि शुल्काच्या निम्म्या रकमेइतकं अनुदान जाहीर करण्याची वेळ राज्य सरकारवर आली. इतक्या वर्षांची निर्यात असूनही पर्यायी देश हाताशी नव्हता. का नव्हता? कारण त्या जाळ्यातल्या प्रत्येकानं आपलं काम एकाच गिऱ्हाईकाच्या गरजेनुसार बेतलं होतं. बांगलादेशला ट्रकभर माल चालत होता, म्हणून प्री-कूलिंगची (तोडलेलं फळ लगेच थंड करण्याची) गरज पडली नाही. रंग-आकाराची काटेकोर प्रतवारी नको होती, म्हणून चांगल्या ग्रेडिंग-वॅक्सिंगच्या (फळं निवडून त्यांना मेणाचा थर देण्याच्या) लाइन मोजक्याच उभ्या राहिल्या. फवारणीच्या नोंदी कोणी मागितल्या नाहीत, म्हणून शेतकऱ्यानं ठेवल्या नाहीत. आपल्या संत्र्याची साल पातळ आणि सैल, फळात बिया, टिकाऊपणा कमी, हे खरंच आहे. पण या उणिवांवर काम करायला लावील असा दुसरा खरेदीदार त्या वर्तुळात कधी आलाच नाही. आपल्याकडे नागपुरात केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, संत्र्याला २०१४ पासून भौगोलिक मानांकन (त्या भागाच्या नावाचं कायदेशीर संरक्षण) आहे. ज्ञान होतं, नाव होतं. बाहेरची वेगळी मागणी आत आणणारा माणूस नव्हता. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ज्यांनी ही बाजारपेठ उभी केली त्या व्यापाऱ्यांत आणि बागायतदारांत कष्टाची कमतरता कधीच नव्हती.

समाजशास्त्रज्ञ ब्रायन उझ्झी यांनी १९९०च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या कपडे शिवणाऱ्या छोट्या उद्योगांचा अभ्यास केला, त्यात नेमकं हेच दिसलं होतं. विश्वासाची, जवळची नाती असलेले उद्योग जास्त तगतात. पण एका मर्यादेपुढे सगळेच व्यवहार त्याच चार ओळखीच्यांत होऊ लागले की बाहेरची खबर बंद होते, आणि त्यातला मोठा गिऱ्हाईक हलला की बाकीचेही त्याच्यासोबत पडतात. घट्ट नाती आणि मोकळी, लांबची नाती यांचं मिश्रण असलेले उद्योग सर्वांत चांगले चालले. तुमच्या सात कंपन्यांनी एकमेकांशी घट्ट राहावं. पण सातही कंपन्यांचा माल एकाच दुबईवाल्याकडे जात असेल, तर तुम्ही संत्र्याचीच गोष्ट हळदीत घडवाल.

दुसरं उदाहरण द्राक्षांचं. नाशिक-सांगलीची गोष्ट विदर्भात सांगितली की लोक म्हणतात, ‘त्यायचं पाणी वेगळं, आपलं वेगळं.’ पाण्याचं खरं आहे, पण इथे मला पाणी सांगायचं नाही. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स ही भागीदारी संस्था काढली. सुरुवातीच्या वर्षांत युरोपात माल मोठ्या प्रमाणावर नाकारला गेला. शीतगृह नव्हतं, प्री-कूलिंग नव्हतं, तिकडच्या सुपरमार्केटला काय लागतं याची नीट कल्पना नव्हती. या संस्थेनं नकाराची कारणं पुन्हा बागेपर्यंत पोहोचवली, आणि माझ्या मते तिचं यश यातच आहे. कामाची वाटणी स्वच्छ होती. पॅकहाउस आणि माल गोळा करणं सहकारी संस्थांकडे, परदेशी खरेदीदार शोधणं, तांत्रिक सल्ला आणि निविष्ठा महाग्रेप्सकडे. २००८ मध्ये देवेश रॉय आणि अमित थोरात यांचा या संस्थेवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सभासदांना स्थानिक बाजारात विकणाऱ्यांपेक्षा लक्षणीय जास्त उत्पन्न मिळालं आणि लहान शेतकरी त्यातून वगळले गेले नाहीत, असं त्यांना आढळलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. जास्तीचे पैसे मिळू शकतात, पण ते संघ स्थापन केल्यामुळे मिळाले नाहीत. संघ शिकत गेला, प्रत वाढत गेली, आणि वाढलेल्या प्रतीचे पैसे मिळाले.

पुढे २००६ मध्ये अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेनं ग्रेपनेट ही द्राक्षांच्या नोंदींची संगणकीय प्रणाली सुरू केली. प्रत्येक पेटी कोणत्या बागेतली, त्या बागेवर काय फवारलं, प्रयोगशाळेचा अहवाल काय, हे सगळं एका साखळीत आलं. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या संजीवकाचा अंश सापडल्यानं युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि निर्यातदारांचं जबर नुकसान झालं. आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. त्यानंतर यादी दुरुस्त झाली आणि पुढच्या हंगामांत निर्यात पुन्हा उभी राहिली. द्राक्षाकडे नोंदींची साखळी होती, म्हणून दोष कुठे आहे ते शोधता आलं. संत्र्याकडे ती असती तर बांगलादेशाचं शुल्क कमी झालं नसतं, हे मान्य. पण दुसऱ्या देशाकडे वळायला हातात काही तरी असतं.

आता तुमच्या हळदीकडे येतो.

वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कर्क्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य) जास्त असल्यानं तिला मागणी आहे. पण ती पिकते थोड्या गावांत आणि थोड्या एकरांवर. वीस फुटी कंटेनर भरायला पंधरा टनांच्या पुढे सुकी हळद लागते, तीही एकसारखी. एकट्या कंपनीला एका प्रतीचा एवढा माल जमवणं जड आहे. संघाचा पहिला खरा उपयोग इथे आहे: सात जणांचा मिळून एक लॉट. आणि गोम पण इथेच आहे. सात गावांत सात तऱ्हांनी हळद उकडली जाते. कोणी पाऊण तास उकडतो, कोणी दीड. कोणी सिमेंटच्या ओट्यावर वाळवतो, कोणी मातीच्या खळ्यावर ताडपत्री टाकून. पॉलिश करताना कोणाच्या ड्रममध्ये काय टाकतात, ते त्यालाच ठाऊक. हा माल एकत्र केला की प्रत सरासरी होत नाही, सर्वांत वाईट पोत्याची होते. कारण पलीकडचा नमुना कोणत्या पोत्यातून काढेल, हे आपल्या हातात नाही.

युरोपची मर्यादा पाहा. हळदीत अफ्लाटॉक्सिन (बुरशीतून तयार होणारं विष) बी१ किलोमागे ५ मायक्रोग्रॅम, एकूण अफ्लाटॉक्सिन १० मायक्रोग्रॅम. शिसं किलोमागे १.५ मिलिग्रॅमच्या आत, ही मर्यादा २०२१ मध्ये आली. ओली राहिलेली चार पोती बुरशी धरतात आणि सगळा कंटेनर जातो. पिवळेपणासाठी लेड क्रोमेट (शिसं असलेला पिवळा रंग) वापरणारा एकच माणूस साखळीत असला तरी शिशाच्या चाचणीत नापास. संघाचा सगळ्यात मोठा धोका हाच आहे. कष्ट सहा जणांचे आणि ढिलाई सातव्याची, असं झालं की संघ फुटतो.

एका संघात हे मी जवळून पाहिलं आहे. एका सभासद संस्थेचा माल कमी पडला, म्हणून तिनं बाहेरच्या जिल्ह्यातली स्वस्त हळद आणून त्यात मिसळली. चाचणीत कर्क्युमिन निम्म्यावर आलं. खरेदीदारानं भाव पाडला आणि तो पाडलेला भाव सगळ्यांमध्ये समान वाटला गेला. ज्यांनी प्रामाणिकपणे माल दिला होता, त्यांनी पुढच्या हंगामात संघाला एक पोतंही दिलं नाही. त्या संस्थेतली माणसं वाईट होती असं मी म्हणणार नाही. पोत्यावर नंबर नव्हता, नमुना राखून ठेवला नव्हता, भुर्दंड कोणी सोसायचा हे लिहिलेलं नव्हतं. म्हणून तो सगळ्यांनी सोसला.

त्यामुळे सहकाराच्या भावनेवर भाषणं होण्याआधी तुमच्या संघानं हे लिहून काढावं: उकडण्याची वेळ, वाळवण्याची जागा, ओलावा किती टक्क्यांपर्यंत चालेल. प्रत्येक पोत्यावर कंपनीचा, गावाचा आणि शेतकऱ्याचा क्रमांक. प्रत्येक लॉटचे दोन नमुने, देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांच्या सह्यांनी सीलबंद, त्यातला एक संघाकडे वर्षभर ठेवलेला. माल परत आला तर ज्याच्या पोत्यामुळे आला त्याच्याच खात्यावर खर्च. हे कडक वाटेल. पण नात्यातल्या माणसाला ‘तुझा माल घेता येत नाही’ असं तोंडानं सांगणं आपल्याकडे फार अवघड असतं. कागद ते सांगतो, नातं शाबूत राहतं.

सेंद्रिय प्रमाणपत्राचा विचार असेल तर संघाची बाजू आणखी मजबूत होते. एकट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्राचा खर्च झेपत नाही. भारताच्या एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) नियमांत २५ ते ५०० शेतकऱ्यांचा गट एकत्र प्रमाणित होऊ शकतो, मात्र गटाची स्वतःची अंतर्गत तपासणी यंत्रणा लागते. युरोपचा नवा सेंद्रिय कायदा आणखी मागतो: गटाला स्वतःचं कायदेशीर अस्तित्व हवं, सभासद २००० पेक्षा जास्त नकोत, दरवर्षी किमान पाच टक्के सभासदांची बाहेरच्या संस्थेकडून पुन्हा तपासणी आणि दोन टक्क्यांचे नमुने. म्हणजे मोठ्या बाजाराचा कायदाच आता तुम्हाला विचारतो की तुमचा गट खरा आहे का. डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशनमधून वर्ध्यासह सहा जिल्ह्यांत असे गट उभे राहिले आहेत. ज्यांच्या नोंदवह्या रोजच्या रोज लिहिल्या जातात, अशा गटांशी आधी बोला.

आता बाहेरच्या नात्याबद्दल. इथे माझं मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. पहिल्याच वर्षी संघानं स्वतःच्या नावावर निर्यात करायचा हट्ट धरू नये. आयात-निर्यात कोड काढणं सोपं आहे. मसाल्यांसाठी मसाला मंडळाचं निर्यातदार नोंदणी प्रमाणपत्र लागतं, तेही मिळतं. पुष्कळ जण हळदीसाठी अपेडाकडे जातात, पण हळद मसाला मंडळाकडे येते. कागद झाले म्हणजे गिऱ्हाईक मिळालं असं होत नाही. पहिली एक-दोन वर्षं एखाद्या जाणत्या मर्चंट एक्स्पोर्टरमार्फत (दुसऱ्यांचा माल विकत घेऊन निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यामार्फत) माल द्या. जीएसटीत अशा निर्यातदाराला ०.१ टक्का दरानं माल देता येतो. त्यानं ९० दिवसांत माल देशाबाहेर पाठवायचा असतो, आणि शिपिंग बिलावर (कस्टमच्या निर्यात कागदावर) तुमचा जीएसटी क्रमांक व बिल क्रमांक टाकून त्याची प्रत तुम्हाला द्यायची असते. ही प्रत मागणं तुमचा हक्क आहे, लाजू नका. तिच्यावरून माल कोणत्या बंदरातून कोणत्या देशात गेला ते कळतं.

पण फक्त भाव ठरवून त्याला माल देऊ नका. करारात एवढं लिहून घ्या: परदेशी प्रयोगशाळेचा अहवाल आम्हाला मिळेल, खरेदीदाराची तक्रार आली तर ती मूळ शब्दांत कळवली जाईल, आणि पॅकिंगवर आमच्या संघाचा लॉट क्रमांक राहील. व्यापारी किलोमागे दोन रुपये कमी द्यायला निघाला आणि या तीन अटी मान्य करत असला, तर दोन रुपये सोडा. संत्र्याला जे मिळालं नाही ते तुम्ही इथे विकत घेताय: पलीकडची मागणी आत येण्याची वाट. जो व्यापारी कुठलीच माहिती द्यायला तयार नाही, त्याच्याकडे दहा वर्षं माल दिला तरी तुम्ही होता तिथेच राहाल.

आणि असा व्यापारी एकच नको. एक आखातातला, एक युरोपातल्या सेंद्रिय मालाचा, एक देशातली औषध किंवा अर्क काढणारी कंपनी. हळदीचा अर्क काढणाऱ्याला कांडीचा देखणेपणा नको असतो, कर्क्युमिन हवं असतं. वायगावला तर हाच खरेदीदार सर्वांत जास्त मोल देऊ शकतो. तिघांचे निकष वेगळे असल्यामुळे तिघांकडून वेगवेगळं शिकायला मिळतं. कोणत्याही एकाकडे निम्म्यापेक्षा जास्त माल जाऊ देऊ नका.

मानांकनाचंही सांगतो. मानांकन उत्पादकांच्या संस्थेच्या नावावर असतं आणि शेतकऱ्यानं ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. तुमच्या सभासदांपैकी किती जणांची झाली आहे ते आधी पाहा. भारतातलं मानांकन परदेशात आपोआप संरक्षण देत नाही, पण खरेदीदाराला कहाणी आणि नकाशा देतं. तेवढ्यासाठीही ते कामाचं आहे.

आता पैशांचं. संघाचा हिशोब ‘किती टन निर्यात केली’ यावर कधीही मांडू नका. अनुदानाच्या अर्जात तो आकडा लागतो, तिथे लिहा. संचालकांच्या बैठकीत मात्र दर हंगामाला हे पाहा: सगळा खर्च जाता सभासदाला किलोमागे निव्वळ किती पडले, त्याच दिवसांत हिंगोली-वसमतच्या हळद बाजारात काय भाव होता, चुकारा (मालाचे पैसे) किती दिवसांनी हातात आला, किती माल परत आला किंवा भाव पाडून गेला. बाजारात चुकारा लगेच होत असेल आणि तुम्ही तीन महिन्यांनी पाच रुपये जास्त देत असाल, तर व्याज धरून तो फायदा उरत नाही. शेतकऱ्याला जूनमध्ये बियाणं घ्यायचं असतं. म्हणून खेळतं भांडवल कुठून येणार, हे संघ स्थापनेच्या आधी ठरलेलं हवं. परदेशी खरेदीदाराच्या उधारीसाठी ईसीजीसी या सरकारी निर्यात विमा कंपनीचा विमा घ्या. त्याच्या हप्त्याचा खर्च वाया गेला असं समजू नका.

भाव उसळला की सभासद माल बाहेर विकतो, हेही धरून चाला. २०२३ मध्ये हळदीचा भाव काही महिन्यांत दुपटीच्या घरात गेला होता. तेव्हा आधीच्या ठरलेल्या भावानं माल द्यायला कोण थांबणार? सभासदाला निष्ठेचं बोलून उपयोग नाही, त्याच्या घरचे खर्च आहेत. ठराविक भावाचा करार करू नका. माल देण्याच्या आठवड्यातला वसमत-हिंगोलीचा सरासरी भाव आणि वर प्रतीनुसार ठरलेली वाढ, असं सूत्र ठेवा. खरेदीदाराशीही शक्य तिथे तसंच ठरवा. नाही तर एका बाजूनं भाव बांधलेला आणि दुसऱ्या बाजूनं मोकळा, अशा कात्रीत संघ सापडतो.

सरकारी धोरणाची जोखीमही आहे, पण हळदीपुरती ती कमी आहे. अकोल्याच्या दालमिलवाल्यांना विचारा. २००६ पासून बहुतेक डाळींच्या निर्यातीवर बंदी होती, ती २०१७ मध्ये उठली. गोंदिया-भंडाऱ्याच्या तांदळाला २०२२ पासून तुकडा तांदूळ, मग पांढरा तांदूळ अशा बंद्या सोसाव्या लागल्या, त्या पुढे उठल्या. म्हणून देशातला खप कधीही सोडू नका. नागपूर-पुण्याचे तुमचे दुकानदार हे तुमच्या निर्यातीचे आधारस्तंभ आहेत.

संघाचं रूप काय असावं, असंही तुम्ही विचाराल. कायद्यानं दोन किंवा अधिक उत्पादक संस्था मिळून स्वतःची उत्पादक कंपनी काढू शकतात. यात एक चांगली तरतूद आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. सभासद फक्त संस्थाच असतील, तर मतदानाचा हक्क मागच्या वर्षी कोणी किती व्यवहार केला त्यावर ठरवता येतो, पहिल्या वर्षी भागभांडवलावर. म्हणजे माल देणाऱ्याचा आवाज मोठा. पद मिळालं पण पोतं दिलं नाही, अशा संस्थेचा आवाज आपोआप कमी. संघाचे नियम लिहिताना वकिलाला ही तरतूद नीट वापरायला सांगा.

२०२० मध्ये केंद्राची दहा हजार उत्पादक संस्थांची योजना आली. तीन वर्षांसाठी १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च आणि १५ लाखांपर्यंत जुळवणी भांडवल (सभासदांच्या भागभांडवलाला जोड म्हणून सरकारचं) मिळायचं. त्यातून कितीतरी चांगल्या कंपन्या उभ्या राहिल्या. आणि कितीतरी अशा, ज्यांचा व्यवस्थापक अनुदान संपताच गेला. तुमच्या सातांपैकी कोणत्या कंपन्या गेल्या दोन वर्षांत अनुदानाशिवाय स्वतःच्या व्यवहारावर पगार देऊ शकल्या, ते शांतपणे पाहा. तीनच निघाल्या तर तिघींचा संघ करा. उरलेल्या चौघींचा माल चाचणी करून विकत घ्या, ठरलेल्या प्रतीला ठरलेला दर द्या. दोन हंगाम त्यांनी प्रत राखली की त्यांना सभासद करून घ्या. सातही जणींना पहिल्या दिवशी घेऊन, मग एकीला बाहेर काढायची वेळ आली तर गावागावांत जे वैर होतं ते मी पाहिलं आहे, आणि त्यातून निर्यात तर दूरच, नागपूरचा खपही बसतो.

तुमच्या कंपनीपुरतं सांगायचं तर, तुमच्यासह अशा तीन कंपन्या निघाल्या असं धरू; यंदाची हळद निघण्याआधी वरची नियमावली तिघींनी बसून लिहा. निघालेल्या हळदीतून प्रत्येकीचे पाच-पाच क्विंटल एकाच पद्धतीनं उकडून, वाळवून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या: कर्क्युमिन, ओलावा, अफ्लाटॉक्सिन, शिसं. तीन अहवाल शेजारी ठेवले की एक लॉट करता येतो की नाही ते तिथेच दिसेल. अहवाल जुळले तर तेच घेऊन मर्चंट एक्स्पोर्टरकडे जा. नाही जुळले तर कोणाचं उकडणं चुकतं आणि कोणाचं वाळवणं, ते आधी दुरुस्त करा, आणि संघाची नोंदणी एक वर्ष पुढे ढकला.